पाय न टेकणारी गाडी

हिंगोलीत माणूस गाडी घ्यायला जातो तेव्हा इंजिन बघत नाही, ब्रेक बघत नाही. अ‍ॅव्हरेज तेवढं विचारतो आणि टांग टाकून सीटवर बसतो. बसला की दोन्ही पाय खाली सोडतो. सोबत आलेली तीन-चार माणसं वाकून त्याच्या टाचांकडे बघतात. मेहुणा बरोबर असला तर तो उकिडवाच बसतो, कारण मेहुण्याला सगळं जवळून बघायची हौस. मग वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी निकाल देतो, "हं, टेकले." झालं, गाडी पास. टाच बोटभर अधांतरी राहिली की गाडी कितीही नावाजलेली असो, नापास.

या परीक्षेला मी चाळीस वर्षं मान डोलावत आलो. मी उत्तम पाईकराव. स्टेशनाकडच्या अंगाला माझं गॅरेज आहे, लोक उत्तम मिस्त्री म्हणतात. वय अठ्ठावन्न, उंची पाच फूट एक इंच, तीही सकाळच्या वेळी. संध्याकाळपर्यंत थोडी कमी होत असावी. आता पाना मी कमी धरतो, बरंचसं काम भाचा बघतो, मी खुर्चीत बसून आवाज ऐकतो आणि चुका काढतो.

धंद्यातली एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. उंच गाडी दुरुस्त झाली की तिची ट्रायल मी कधी मारली नाही. गिऱ्हाइकाच्या हातात चावी द्यायची आणि म्हणायचं, "तुमीच चक्कर मारून बघा, तुमची गाडी तुमालाच कळती." लोकांना वाटायचं, मिस्त्री किती अदबीचा माणूस! खरं कारण माझे पाय होते. चाळीस वर्षांची अदब, सगळी दोन बोटं कमी पडल्यामुळे.

मग त्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या आल्या. आमच्या शेजारचे पानपट्टीवाले काका त्यांना 'अडचणवाली गाडी' म्हणतात आणि मी त्यांना आजवर दुरुस्त केलेलं नाही.

पहिली आली ती एका पुण्याच्या माणसाबरोबर. औंढ्याला दर्शनाला निघाला होता, चेन सैल पडली म्हणून थांबला. माणूस सहा फुटी, तरी गाडीवरून उतरताना घोड्यावरून उतरल्यासारखा उतरला. चेन ओढायला दहा मिनिटं पुरली असती, मी पाऊण तास लावला. गाडीभोवती फिरत होतो, खाली वाकून बघत होतो, हात लावत होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, काही मोठा प्रॉब्लेम आहे का?" मी म्हणालो, "न्हाई हो, बघून राहिलो. लई दिवसांनी कुणीतरी डोकं वापरून गाडी बनवली."

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी साध्या शब्दांत सांगतो. एक गाडी डांबरी रस्त्याची असते, एक ढेकळांची. दोन्ही घेणं प्रत्येकाला जमत नाही, म्हणून कुणीतरी एकच अशी काढली की ती दोन्हीकडं चालावी. पुढचं चाक मोठं आणि अरुंद, कारण मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. बैलगाडीचं चाक केवढं असतं आठवा. चाकाला आरे, म्हणजे तारा. ओतीव चाक दगडावर आपटलं की तडकतं. तारांचं चाक लचकतं आणि वाकलं तरी माझ्यासारखा माणूस ताणून सरळ करू शकतो. पुढचे आणि मागचे शॉकअप वीतभर खालीवर होणारे. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा, कारण तिथंच तेलाचं चेंबर असतं आणि दगड बरोबर तिथंच शोधत येतो. सायलेन्सर वर, हवा ओढायचं तोंडही वर, म्हणजे ओढ्यातून जाताना इंजिन पाणी प्यायला नको. हँडल रुंद आणि उंच, पाय ठेवायच्या फुटरेस्टला दात. हे कशासाठी, तर गाडी उभं राहून चालवायला. हो, उभं राहून! दगडधोंड्यांत सीटवर बसून राहिलं की प्रत्येक धक्का मणक्यात जातो. उभं राहिलं की गुडघेच शॉकअप होतात.

आणि एक बटण. ब्रेक दाबल्यावर चाक घसरू नये म्हणून आजकाल एबीएस असतं, ते चाकाला मध्ये मध्ये सोडतं. डांबरावर ते जीव वाचवतं. पण मुरमाच्या उतारावर ते सोडतच बसतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. तिथं मागचं चाक थोडं घसटत, माती गोळा करत थांबलेलं बरं. म्हणून मागच्या चाकापुरतं एबीएस बंद करायचं बटण. ते बंद केलं की पिवळा दिवा लागतो आणि तो दिवा बघून घाबरलेली किमान दहा माणसं मी नुसतं बटण दाबून बरी केली आहेत. दहाही जणांनी माझ्या हाताला गुण आहे असं सांगितलं. मी नाही म्हणालो नाही.

आता हे सगळं एकत्र जमवायचं तर गाडी उंच होणारच. पोटाखाली दगड जायला जागा पाहिजे, शॉकअपला वीतभर खाली यायला जागा पाहिजे. उंची हा या गाडीचा दोष नाही, तिचा माल आहे. हे वाक्य आज मी ऐटीत लिहितोय. त्या वेळी डोक्याला माहीत होतं, हाताला पटलेलं नव्हतं.

पुसेगावचे एक शेतकरी, चांगले धिप्पाड गृहस्थ, अशी नवी गाडी घेऊन पूजेला थेट माझ्या दारात आले. सोबत आई, बायको, नारळ, हळदकुंकू आणि चाकाखाली ठेवायला लिंबू. शिवाय माझ्यासाठी कामांची यादी: साडीगार्ड, दुधाच्या कॅनचे हूक, मागं पोत्याचं कॅरिअर. मी म्हणालो, आधी पूजा होऊ द्या. लिंबू ठेवलं, गाडी पुढं घेतली, सगळ्यांनी वाकून बघितलं. लिंबू जसंच्या तसं. या गाडीच्या टायरला जाड जाड ठोकळे असतात, चिखलात रुतून पकड घ्यायला, आणि दोन ठोकळ्यांच्या मधे जागा असते. लिंबू त्या जागेत जाऊन आरामात बसलं होतं. आई म्हणाली, "फुटलं न्हाई. गाडी घरी न्यायची न्हाई."

दुसरं ठेवलं, तेही बसलं. तिसरं चाकाबरोबर वर जाऊन मडगार्डला अडकलं. बाजारात लिंबं आणायला माणूस धावला. मी त्या माउलीला ठोकळे, फटी, चिखल सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग लिंबाला काहून घाबरून राहिली गाडी?" पाचव्या वेळी मी स्वतः जमिनीवर पालथा पडून लिंबू बरोबर ठोकळ्याखाली येईल असं धरलं. ते फुटलं आणि त्याचा रस थेट माझ्या डोळ्यात गेला. मी ओरडलो, माउली म्हणाली, "आता बराबर." साडीगार्ड मात्र मी बसवलं आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चाक वीतभर वर येऊन ते चेनमध्ये गेलं. तेव्हाच मी धडा घ्यायला हवा होता, की या गाडीत एक गोष्ट हलवली की चार गोष्टी हलतात. पण डोळा चोळण्यात धडा राहून गेला.

त्यानंतर संगीता राठोड आली.

संगीता म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली पर्यवेक्षक. लस टोचायची, आजारी जनावर बघायचं, अडलेली म्हैस सोडवायची, ही तिची कामं. औंढ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला जे बंजारा तांडे आहेत त्यातलाच एक तिचा, आणि तिच्याकडं जनावरं बघायला दिलेले पाच तांडेही तिथलेच. वय सत्तावीस-अठ्ठावीस. उंची? माझ्या शेजारी उभी राहिली तेव्हा मला फार वर्षांनी उंच असल्याचं समाधान मिळालं.

तिनं गॅरेजसमोर तसलीच उंच गाडी लावली ती रस्त्याकडच्या ओट्याला खेटून, त्या ओट्यावर पाय ठेवून उतरली आणि म्हणाली, "काका, हिचे पाय छाटता येतेत का?"

गोष्ट अशी होती. दोन वर्षं ती स्कूटरवर फिरली. स्कूटरची लहान चाकं ओढ्यातल्या गोट्यांत अडकायची, पुढं पायी जावं लागायचं. पाठीवर लसीचा डबा, डब्यात बर्फ. पायी पोचेपर्यंत बर्फ वितळला की लस वाया आणि जनावरं तशीच. म्हणून तिनं ही गाडी घेतली होती. पण तिचे वडील बन्सीदादा यांनी गाडी दारात बघितली, पोरीचे पाय अधांतरी बघितले आणि निकाल दिला: नापास. बन्सीदादांनी हिंगोलीच्या कचेरीत बदलीचा अर्ज तयार करवून आणला होता. खुर्चीचं काम, पंखा, एसटीनं ये-जा. त्यावर फक्त संगीताची सही व्हायची होती.

"बापू म्हनले, पाय टेकले तर ठीव. आन् एकदा जरी पडली तर सही," ती म्हणाली. "मला कागदं न्हाई करायची, काका. मला जनावरं कळतेत."

मी खुर्चीतून उठलो. भाच्याला बाजूला सारलं, बाह्या वर केल्या. "म्याडम, दोन तास बसा."

गाडी बुटकी करणं अवघड नसतं. पुढचे दोन पाइप त्यांच्या पकडीतून दोन बोटं वर सरकवले. मागं, चाक धरणारा जो चिमटा असतो तो आणि शॉकअप यांच्यामधे दोन पट्ट्या असतात. त्या थोड्या लांब केल्या की गाडीचं बूड खाली येतं. लेथवाल्याकडून तशा पट्ट्या करून आणल्या. सीटचा फोम धारदार सुरीनं तासला. संगीता बसली, पाय सोडले आणि सबंध गॅरेज वाकून बघायला लागलं. दोन्ही टाचा. पुऱ्या! पानपट्टीवाले काका रस्त्यापलीकडून ओरडले, "टेकले!" चहा आला, शेवचिवडा आला, भाच्यानं फोटो काढून गावभर पाठवला. मी असा काही खुर्चीत बसलो की विचारू नका.

माझे उस्ताद हाफिजचाचा, अल्ला त्यांना सुखात ठेवो, एक नियम शिकवून गेले होते: "पाना रखने से पहले गाडी का एक चक्कर लगा." काम संपलं की पाना ठेवायच्या आधी गाडीभोवती एकदा फिर, सगळीकडून बघ. चाळीस वर्षं मी ती चक्कर मारली. त्या दिवशी हातात चहा होता.

आठव्या दिवशी फोन आला.

"काका, गाडी पडली."

"कुठं पडली? तू कशी हाईस?"

"मी घरात व्हते. गाडी अंगणात उभी व्हती. उभ्या उभ्या पडली."

मला हसू आलं. मग लगेच ते गेलं, कारण मला कळलं. साइड स्टँड! गाडी दोन बोटं खाली आणली, पण स्टँड तेवढाच लांब राहिला. उंच गाडी स्टँडवर डावीकडं निवांत कलून उभी राहते. बुटकी केलेली गाडी त्याच स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणी फुंकर मारली तरी उजवीकडं जाते. इथं तर फुंकर नव्हती, शेळी होती. शेळीला पाठ खाजवायची होती. तिनं गाडीला अंग घासलं आणि गाडी सगळ्या तांड्यासमोर गोवऱ्यांच्या ढिगात जाऊन पडली. दोन हातांवर बाजेवर बन्सीदादा चहा पीत बसले होते. त्यांनी कप ठेवला आणि आत जाऊन अर्ज आणला.

"सही केली का?" मी विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत थांबा म्हनलं त्यायला."

रात्रभर मला एकच दिसत होतं, ती पोरगी पंख्याखाली बसून कागदांना टाचण्या मारतेय, आणि हे सगळं माझ्या एका चहामुळं. सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. पिशवीत पाने, आणि जुन्या डब्यात जपून ठेवलेल्या कंपनीच्या मूळच्या पट्ट्या. औंढ्यावरून पुढं एक जीप, मग थोडी पायपीट. तांड्यात पोचलो तेव्हा बन्सीदादा त्याच बाजेवर बसले होते, डोक्याला लाल पटका, छातीच्या खिशात घडी केलेला कागद.

मी रामराम-जयभीम केला आणि आधी गाडीखाली वाकून बघितलं. पोटाखालच्या पत्र्यावर दगडाचे तीन खोल ओरखडे होते. एक तर असा की अजून थोडा खोल गेला असता तर पत्रा फाटून चेंबर फुटलं असतं, आणि ही पोरगी ओढ्याच्या मधोमध बर्फाचा डबा घेऊन एकटी बसली असती. तिनं मला हे सांगितलंच नव्हतं. त्या ओरखड्यांवरून बोट फिरवताना मला माझीच लाज वाटली. जी उंची तिला दगडांपासून वाचवणार होती ती मी दोन तासांत कापून टाकली होती, आणि वर शेवचिवडा खाल्ला होता.

"बन्सीदादा," मी म्हणालो, "पोरीनं गाडी पाडली न्हाई."

"मंग शेळीनं पाडली?"

"शेळीनं बी न्हाई. म्या पाडली. हिंगोलीत बसून."

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मी स्टँडचा सगळा प्रकार सांगितला. जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवलं, गाडी खाली आणि स्टँड तेवढाच. बायाबापड्या, म्हातारे, सगळे गोल करून ऐकत होते. एक आजी म्हणाली, "येवढा मोठा मिस्त्री आन् पाय मोजायचा इसरला?" मी म्हणालो, "इसरलो, आजी." यावर सगळा तांडा हसला आणि मला जरा हलकं वाटलं.

तिथंच कडुलिंबाच्या झाडाखाली मी गाडी उघडली. जुन्या पट्ट्या परत घातल्या, पुढचे पाइप खाली घेतले, फोमचा तासलेला तुकडाही आणला होता तो चिकटवला. गाडी वर आली, स्टँडवर डावीकडं झकास कलली. शेळी येऊन पुन्हा घासून गेली, गाडी हलली नाही. या वेळी मी गाडीभोवती एक सोडून तीन चकरा मारल्या.

"ते ठीक," बन्सीदादा म्हणाले. "पन आता पाय कुठं टेकनार? पुन्हा नापासच की."

"दोन पाय टेकायची गरजच न्हाई, दादा. एक पुरा टेकला की बास. थांबताना बूड डावीकडं सरकवायचं, उजवा पाय ब्रेकवर, डावा पुरा जमिनीवर."

"सोपं हाय?"

"एकदम."

"मंग तुमी करून दाखवा. तुमचे बी कुठं टेकतेत!"

चाळीस वर्षांची अदब एका क्षणात उघडी पडली. हजार बहाणे मनात आले, कंबर, चष्मा, एसटीची वेळ. पण खिशातला तो कागद दिसत होता. मी संगीताकडं बघितलं, तिनं हळूच मान हलवली. मी फुटरेस्टवर पाय देऊन चढलो, पहिला गिअर टाकला आणि निघालो.

आणि काय सांगू! तांड्याबाहेर पडलो, ओढ्याच्या कोरड्या पात्रात शिरलो आणि सगळ्या पुस्तकी ज्ञानाला स्मरून फुटरेस्टवर उभा राहिलो. खाली गोटे खडखडत होते, चाक उड्या मारत होतं, शॉकअप वीतभर खालीवर होत होते आणि मी वर जागच्या जागी, शांत, वाऱ्यात. मोठं चाक खरंच खड्ड्यात पडत नाही! पोटाखालून दगड खरंच निघून जातात! चाळीस वर्षं मी लोकांना जे जे सांगत होतो ते सगळं खरं निघालं, आणि मला ते पहिल्यांदाच कळत होतं. मी मोठ्यानं हसत होतो, आणि एका दगडावर गाडी अशी उडाली की मी 'आई गं' ओरडलो आणि पुन्हा हसायला लागलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसानं इतकं हसू नये, दात सैल असतात.

वळून तांड्यात परत आलो आणि तेव्हा लक्षात आलं की मला थांबता येत नाही.

सांगणं सोपं, बूड सरकवा, डावा पाय सोडा. पण चाळीस वर्षं दोन्ही पाय टेकण्याची सवय. वेग कमी झाला की दोन्ही पाय आपोआप खाली जायचे आणि दोन्ही हवेत राहायचे. घाबरून पुन्हा अ‍ॅक्सिलेटर. तांड्याला पहिली चक्कर झाली. दुसरी झाली. कुत्री मागं लागली, कोंबड्या छपरावर गेल्या, आजी म्हणाली, "मिस्त्रीला लई आवडली वाटतं." तिसऱ्या चकरेला संगीता शेजारून पळायला लागली.

"काका, क्लच दाबा! उजवा पाय हलवू नका! बूड इकडं, माझ्याकडं! अजून! आता डावा. एकच, काका, एकच!"

मी डोळे मिटून बूड सरकवलं, डावा पाय सोडला. तो जमिनीवर पडला, पुरा, टाचेसकट. गाडी थांबली. संपूर्ण तांड्यानं टाळ्या वाजवल्या आणि मी उतरून सरळ जमिनीवर बसलो.

बन्सीदादा माझ्याकडं बघत नव्हते. ते पोरीकडं बघत होते. "तुला हे येतं?" त्यांनी विचारलं.

"कवाच येतं, बापू. ओढ्यापल्याड रोज करते. तुमी बघतच न्हाई, तुमी नुसते उभ्या गाडीचे पाय बघता."

म्हातारा माझ्याकडं वळून म्हणाला, "माझा आजा गोन्या लादून बैलांचा कारवा न्यायचा. सांगायचा, गोनी बराबर बसली का न्हाई ते बैल चालल्यावर कळतं. उभ्या बैलावर समद्याच गोन्या बराबर दिसतेत." आणि उठून ते गाडीकडं गेले. "बस," पोरीला म्हणाले, "मी मागं बसतो. बघू दे मला."

संगीता चढली, बन्सीदादा तिच्या मागं बसले. आणि मला, मिस्त्रीला, ज्याला हे आधी सुचायला हवं होतं, तेव्हा दिसलं. म्हाताऱ्याच्या वजनानं ते लांब शॉकअप दबले, गाडी खाली बसली आणि संगीताचे दोन्ही पाय जमिनीला लागले. दोन्ही! आजी ओरडली, "टेकले!" सगळे ओरडले. बन्सीदादांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

"झालं की मंग!" ते म्हणाले. "मिस्त्री, उगं तकलीफ घेतली तुमी. मी रोज हिच्या मागं बसत जाईन. पाची तांडे मला पाठ हायत. कचेरी नको, काही नको."

मलाही क्षणभर वाटलं, प्रश्न सुटला. मग मी संगीताच्या तोंडाकडं बघितलं. ती दोन्ही पाय टेकून बसली होती आणि तिला हसू आलं नव्हतं.

"बापू," ती म्हणाली, "उतरा."

"काहून?"

"पलीकडच्या तांड्यावर तीस जनावरं हायत. बर्फ दुपारपर्यंतच राहतो. मला जायचंय."

"मी येऊन राहिलो की सोबत."

"न्हाई, बापू. मला एकटीला जायचंय. उतरा."

बन्सीदादा मागं बसूनच राहिले, दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर. मग त्यांनी एक पाय काढला, दुसरा काढला, आणि उतरले. गाडी दोन बोटं वर आली. संगीताचा उजवा पाय जमिनीवरून सुटला, डावा तेवढा टेकलेला राहिला. तिनं लसीचा डबा मागं बांधून घेतला, गिअर टाकला आणि निघाली. ओढ्यात उतरल्यावर उभी राहिली. दगडांवरून तिचा निळा स्कार्फ खालीवर होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

बन्सीदादांनी खिशातला कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "हिंगोलीला जाताना हे तुमीच कुठं तरी टाकून द्या, माझ्यानं न्हाई व्हायचं." मग फोन काढला आणि पलीकडच्या तांड्यातल्या कुणाला तरी लावला. ते आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, पण या वेळी मोठ्यानं मराठीत बोलले, मला ऐकू यावं म्हणून असेल किंवा सगळ्यांना.

"जनावरं बांधून ठिवा. डाक्टरीण येऊन राहिली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. म्हाताऱ्यानं ओढ्याच्या त्या वळणाकडं बघितलं आणि पटका सारखा केला.

"कुनासंगं न्हाई," ते म्हणाले. "एकटीच येऊन राहिली."